‘प्रिन्स ऑफ बेरार’ : एका युवराजपदाची चिकित्सा

पैनगंगेच्या दक्षिणेस हिंगोली, उत्तरेस वऱ्हाड. १९३६ साली या दोन्ही प्रदेशांवर सार्वभौमत्व निजामाचेच मानले जाई. कारभार मात्र दक्षिणेस त्याचा आणि उत्तरेस इंग्रजांचा होता. त्याच वर्षीच्या करारानंतर मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकास हा केवळ दरबारी अलंकार समजून पुढे जाण्याचा मोह होतो. फार तर फ्रान्सच्या ‘दोफँ’शी तुलना करून तो थांबतो. ही तुलना उपयुक्त आहे खरी, परंतु ती शेवटपर्यंत नेली तर तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटाच आहे.

दोफिने हा प्रांत १३४९ मध्ये फ्रेंच राजघराण्याकडे आला. तेथील सरदारांच्या बिरुदात डॉल्फिन मासा असे. त्यावरूनच ‘दोफँ’ हे नाव. पुढे राजाच्या ज्येष्ठ पुत्रास ती पदवी लावण्याची वहिवाट पडली आणि ती १८३० पर्यंत टिकली. तेथे प्रांत हाती आला, म्हणून युवराजास नाव मिळाले. हैदराबादेत प्रांत हातचा गेलेला होता, आणि नाव मिळाले ते त्यानंतर.

तो गेला कसा, हे हिंगोलीकरांस परके वाटू नये. हैदराबाद कंटिंजंट ही तैनाती फौजेहून निराळी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौज होती. तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीस होती. या फौजेच्या खर्चापायी निजाम सरकारावर कर्ज साचले, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. म्हणजे युवराजाच्या पदवीतील ‘बेरार’ हा शब्द हिंगोलीसारख्या छावण्यांच्या खर्चाची नोंद होय. स्थानिक इतिहासात छावणीचे प्रकरण एकीकडे आणि राजघराण्याचे दुसरीकडे ठेवले, की ही नोंद वाचताच येत नाही.

दुसरा भेद अधिक खोल आहे. १४२० च्या त्रॉयच्या तहाने सहाव्या शार्लने आपल्या पुत्राला डावलून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीस वारस ठरविले. तरीही १४२९ मध्ये रँस येथे राज्याभिषेक झाला तो त्या डावललेल्या पुत्राचाच. राजमुकुट ही राजाची खासगी मालमत्ता नव्हे, तो कोणास द्यावा हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही, हे मत फ्रेंच कायदेपंडितांनी पुढे आग्रहाने मांडले. (तलवारीचे साह्य नसते तर हे मत कितपत टिकले असते, हा प्रश्न वेगळा.) आझम जाह यांना असा आधार नव्हता. निजामाने त्यांना वगळून नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले. हे मुकर्रम जाह जन्मले होते फ्रान्समध्येच, नीस येथे, १९३३ साली. पदच्युत उस्मानी खलिफाच्या कन्येचा व आझम जाह यांचा विवाहही तेथेच १९३१ मध्ये झाला होता. उस्मान अली खान १९६७ मध्ये निवर्तले, तेव्हा भारत सरकारने नातवासच मान्यता दिली. ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी धारण करणारा पुरुष तेव्हा हयात होता. ते १९७० मध्ये वारले.

तेव्हा या पदवीस वारसाहक्काचा पुरावा मानणे धाडसाचे होय. हैदराबादेत वारस घडत असे तो वरिष्ठ सत्तेच्या मान्यतेने. आधी इंग्रजांच्या, मग राज्यघटनेतील ३६६ व्या कलमाखालील राष्ट्रपतींच्या. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ती मान्यताच रद्द झाली आणि मागे उरले ते मुख्यतः मालमत्तेचे कज्जे. फ्रान्समध्ये मान्यता देणारा कोणीच उरलेला नाही. तरी तेथील वाद संपत नाही. १८८३ मध्ये काँत द शांबोर निपुत्रिक वारला, तेव्हापासून बूर्बों घराण्याची स्पेनमधील शाखा आणि ओर्लेआँ घराणे यांचे पक्षपाती भांडत आहेत, आणि भांडणाचे मूळ आहे पाचव्या फिलिपने उत्रेख्तच्या तहाच्या वेळी फ्रेंच गादीवरील हक्क सोडला तो कायद्याने सोडता येत होता की नाही, हा प्रश्न.