कल्पित गाव आणि त्याची वस्ती

आमच्या बिबवेवाडीच्या नावात बिबवा आहे. ज्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत, तो बिबवा येथील नव्या रहिवाशांपैकी किती जणांनी पाहिला असेल, याची शंकाच आहे. वाडी शहराच्या पोटात गेली. पर्वती-तळजाईच्या टेकड्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. येथे पहिले घर कोणी बांधले, पाणी कोठून आणले, हे शेजाऱ्यास विचारावे तर तो हसून विषय टाळतो. परंतु त्याच सद्गृहस्थास ‘बनगरवाडी’विषयी विचारावे, म्हणजे कारभारी कसा होता, मेंढरे कशी मेली आणि वाडी कशी उठली, हे तो न अडखळता सांगेल! राहत्या गावाविषयी इतके अज्ञान आणि कल्पित गावाशी इतका घरोबा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

कल्पित स्थळे निर्माण करण्याची हौस आपल्या कादंबरीस बाळपणापासून आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचा ‘मोचनगड’ 1871 साली ‘विविधज्ञानविस्तारा’तून वाचकांसमोर आला. शिवकाल खरा, गड मात्र काल्पनिक. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाला’त सुलतानगड उभारला, विजापूरची इमानदारी आणि स्वराज्याची ओढ यांचा झगडा त्यांनी किल्लेदाराच्या घरातच लावून दिला. या दोन्ही गडांस तट आहेत, दरवाजे आहेत, रोमहर्षक प्रसंग तर विपुल आहेत. परंतु गडाच्या पायथ्याशी कोण राहतो, तो काय पिकवितो आणि त्यातले किती त्याच्या घरात राहते, हे प्रश्न त्या कथांच्या कक्षेत फारसे येत नाहीत. तेथे स्थळ हे घटनेचे नेपथ्य आहे, वस्ती नव्हे.

आमच्या मते कल्पित प्रदेशाची खरी परीक्षा वेगळीच आहे. माणसे तेथे का आली, कशाच्या आधाराने टिकली आणि कशामुळे उठली, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रदेशाजवळ आहेत, तो नकाशावर नसला तरी खरा. थॉमस हार्डीने एका लुप्त सॅक्सन राज्याचे ‘वेसेक्स’ हे नाव उचलून आपला प्रदेश वसविला. तो वाचकांस पटला, कारण तेथील शेते, बाजार आणि मजुरी यांचा हिशेब त्याच्यापाशी चोख होता.

या कसोटीस व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) पुरेपूर उतरते. औंध संस्थानातील एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत येतो. पोरे मेंढरांमागे जातात म्हणून शाळा ओस. कारभाऱ्याच्या आधाराने शाळा भरू लागते, गावकऱ्यांच्या श्रमांतून तालीम उभी राहते, राजेसाहेब येऊन ती उघडतात. मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात आणि वाडी उठते. तालीम ही या कथेतील केवळ एक इमारत नव्हे. हिंडत्या लोकांनी एका जागी रुजण्याचा तो यत्न होय. भिंती टिकल्या, माणसे टिकली नाहीत. वस्तीचा सारा अर्थ लेखकाने येथे एकही प्रवचन न करता सांगितला आहे.

याच्या अगदी उलट टोकास श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) ही द्विखंडात्मक कादंबरी उभी आहे. जगबुडीच्या काठी खोतांच्या पिढ्यांमागून पिढ्या येतात आणि जातात. सारावसुलीचा हक्क हाच या घराण्याच्या वैभवाचा पाया आणि हाच त्याच्या उन्मादाचाही. प्रत्यक्षात खोती 1949 च्या कायद्याने संपली. परंतु ती माणसाच्या स्वभावात कशी मुरते, हे कायद्याच्या पुस्तकात नव्हे, येथे वाचावयास मिळते.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले असता एक गोष्ट मनास बोचल्यावाचून राहत नाही. तुंबाडच्या खोतांस चार पिढ्यांचा सलग इतिहास लाभला. बनगरवाडीचा भूतकाळ मात्र माणसांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनीच येतो. तिचा मूळ पुरुष कोण, पहिला मेंढवाडा कोणी घातला, याची हकीकत नाही. मास्तर आला तेव्हा वाडी सुरू झाली, मास्तर निघाला तेव्हा संपली! म्हणजे ज्याच्या घरी दप्तर, त्यास भूतकाळ. ज्याच्या मागे मेंढरे, त्यास केवळ वर्तमान. इतिहासकाराचा येथे नाइलाज आहे, कारण कागदावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. कादंबरीकारास असा कोणता अडसर आहे? कल्पनेचा मुक्त परवाना हाती असूनही आमच्या उत्तम लेखकांच्या कल्पनेने दप्तराचीच वाट चालावी, हे आम्हांस खेदजनक वाटते. स्वतः तुंबाडातही खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाची वंशावळ आपल्या ध्यानात राहत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा यत्न भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ने (2010) केला, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा नायक पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे आणि त्याचे मोरगाव सिंधुकाळापर्यंत खोल खणले गेले आहे. कुणब्याच्या घरासही हजारो वर्षांचा भूतकाळ असतो, हे त्या ग्रंथाने ठासून सांगितले. या पसाऱ्यात वाचक अनेकदा वाट चुकतो, ही तक्रार खरी; तथापि खणण्याची दिशा योग्य आहे.

आता पुन्हा आमच्या वाडीकडे. येथे जमिनीस भाव आल्यापासून सातबाऱ्याचे उतारे पुष्कळांनी जपले असतील. त्या उताऱ्यात नावे सापडतात, क्षेत्र सापडते. बिबव्याच्या सावलीत कोण टेकले होते, हे सापडत नाही. आणि ज्याच्या नावे कधी उताराच नव्हता, त्याचे तर काहीच सापडत नाही. अशा वाड्या पुण्याच्या भोवती एक-दोन नाहीत. त्यांची कथा लिहिण्यास दप्तर अपुरे पडेल, म्हणूनच ते काम कादंबरीकाराचे आहे. ज्यांच्या कानांवर या वाड्यांतील जुन्या गोष्टी अजून पडत आहेत, अशा तरुणांपैकी कोणीतरी ते अंगावर घ्यावे. सांगणारी माणसे थकत चालली आहेत.