‘आणि’ व ‘म्हणून’: ‘गीता प्रवचने’तील एका सांध्याविषयी

उभयान्वयी अव्ययांकडे आपण व्याकरणातील एक धडा म्हणूनच पाहतो. वाक्ये जोडणारे शब्द, एवढे म्हटले की आपले समाधान होते. वस्तुतः दोन विधानांमध्ये कोणता सांधा घालावयाचा हा विचाराचाच निर्णय असतो. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांची ‘गीता प्रवचने’ या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

ही प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात रविवारी होत असत व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. दोन प्रवचनांमधील आठवड्याचे अंतर एखाद्या ‘तथापि’ने भरून निघणारे नव्हे. म्हणून विनोबा बहुधा मागील विषयाचे सूत्र पुन्हा हाती घेतात आणि मग पुढे निघतात. येथे जोडणी शब्दाने नव्हे, उजळणीने साधली आहे.

खरा प्रश्न चौथ्या अध्यायात उद्भवतो. मूळ श्लोकात (४.१७) कर्म, विकर्म व अकर्म ही तीन पदे ‘च’च्या साहाय्याने नुसती शेजारी ठेवली आहेत. शंकराचार्यांनी विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा अर्थ केला. त्या अर्थी ही तीन प्रकारांची गणना ठरते आणि ‘आणि’ पुरेसे होते. विनोबांच्या मते विकर्म म्हणजे बाह्य कर्माला मिळणारी अंतःकरणाची विशेष साथ. ती मिळाली की कर्माचे अकर्म होते. गणनेची अशी प्रक्रिया झाली. ‘आणि’च्या जागी ‘म्हणून’ आले.

हा ‘म्हणून’ त्यांनी कशाच्या बळावर घातला? तर्काच्या नव्हे. मुलाच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात हा दृष्टांत ते देतात. तेवढ्याच वजनाची दुसरी वस्तू पाठीवरून फिरविल्याने ते सुख लाभत नाही. श्रोता अनुभवाने सांधा मान्य करतो. (आपल्या प्रबंधांत ‘यावरून असे सिद्ध होते की’ हे पालुपद येते तेव्हा त्यामागे दृष्टांतही नसतो आणि तर्कही नसतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.)

तरीही भाष्य म्हणून या अर्थाला मर्यादा आहे. लगेच पुढचा श्लोक (४.१८) कर्म आणि अकर्म यांचा परस्परसंबंध सांगतो खरा, परंतु त्यात विकर्माचा उल्लेखच नाही. कर्माकडून अकर्माकडे नेणारी वाट गीतेत आहे. तिच्यावरचा विकर्माचा पूल विनोबांनी बांधलेला आहे. अभ्यासकाने तो ओलांडावा, मात्र मूळ ग्रंथकाराच्या नावावर मांडू नये.