ख्रिस्ती कथेतील काळ आणि प्रीती

कालप्रवासी ख्रिस्ती प्रणयकथेचे आकर्षण दैवी योजनेच्या आश्वासनात आहे. शतके ओलांडून प्रेमिक भेटतात, ते ईश्वरी संकेतानेच. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधील (१८५७) प्रवास स्थळातला, तरीही यमुना-विनायकरावांचे दाम्पत्य आपल्या काळाच्या पुढचे वाटते. वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे मात्र त्याच काळाची, आणि म्हणूनच विनायकाच्या मृत्यूनंतरचा यमुनेचा पुनर्विवाह उपदेशाच्या ओझ्याखालीही खरा भासतो. लखनौच्या इझाबेला थोबर्न या मिशनरी महाविद्यालयात शिकलेल्या कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘आग का दरिया’त (१९५९) गौतम आणि चंपा युगायुगांतून परततात, मीलन मात्र लाभत नाही. कलादृष्ट्या हैदर कितीतरी श्रेष्ठ. पण धीर हवा असलेला वाचक पदमनजींकडेच वळेल.