बास गिटारचा 'योग्य टोन' : पिकअपची निवड आणि औचित्याचा विचार

बीजसंज्ञा : नादाची जाती, पिकअप, बास गिटार, स्वनगुण, औचित्य

प्रस्तावना :

संगीतशास्त्राच्या प्रारंभिक पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितले जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. यांपैकी पहिल्या दोन गुणांचे मोजमाप एकेका आकड्यात सांगता येते. तिसरा गुण, म्हणजे जाती, एका आकड्यात मावत नाही. एकाच पट्टीतील एकच स्वर सनईवर आणि व्हायोलिनवर वाजला, तर डोळे मिटूनही श्रोता दोन्ही वाद्ये वेगवेगळी ओळखतो, ते या जातीमुळे. इलेक्ट्रिक गिटार आणि बास गिटार वाजविणाऱ्यांच्या बोलण्यात या गुणाला 'टोन' म्हणतात. बासवादकांच्या चर्चेत, वाद्यविक्रीच्या दुकानांत आणि उत्पादकांच्या माहितीपत्रकांत एक गृहीतक सर्वत्र वावरताना दिसते. ते असे की, टोन हा पिकअपमध्ये असतो आणि योग्य पिकअप विकत घेतला की योग्य टोन हाती येतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारण झाला. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीवर काम करीत असताना युवक महोत्सवातील पाश्चात्त्य समूहगायनाच्या तयारीत बास गिटारचा आवाज 'दबतो' अशी तक्रार आली. प्रस्तुत लेखकाने शिफारस करून महागडा परदेशी पिकअप घेण्यास मंजुरी मिळवून दिली. सरावाच्या खोलीत नवा पिकअप सर्वांना आवडला. रंगमंचावर मात्र बास पूर्वीइतकाच दबला. नंतर लक्षात आले की तारा कित्येक वर्षांच्या जुन्या होत्या, वादक मानेजवळ बोट ठेवून वाजवीत होता आणि कीबोर्डवादकाचा डावा हात बासच्याच सप्तकात सतत भरणा करीत होता. चूक वाद्याची नव्हती, विद्यार्थ्याचीही नव्हती. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता आणि तो विचारणाऱ्यांत प्रस्तुत लेखक अग्रभागी होता.

पिकअप ऐकतो म्हणजे काय?

पिकअपची रचना साधी आहे. चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढ्यांचे वेटोळे असते. चुंबकाच्या क्षेत्रात लोखंडी गुणाची तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि त्यातून विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचेच हे उपयोजन होय. म्हणूनच नायलॉनच्या तारेचा आवाज असा पिकअप उचलू शकत नाही. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. चुंबकीय पिकअप हा मायक्रोफोनसारखा खोलीतील हवा ऐकत नाही. तो तारेचा एक लहानसा तुकडा, आपल्या ठिकाणाहून, 'पाहतो'. त्याचे ऐकणे हे मुळातच एका जागेवरून केलेले ऐकणे आहे.

ही जागा किती निर्णायक असते, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. प्रचलित बास गिटारच्या तारेची कंपनलांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६.४ सेंटिमीटर असते. तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते : मूलभूत कंपन आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे संनादी. प्रत्येक संनादीचे काही निस्पंद बिंदू असतात, जेथे त्या संनादीपुरती तार स्थिर असते. ब्रिजपासून एक-षष्ठांश अंतरावर, म्हणजे साधारण १४.४ सेंटिमीटरवर, पिकअपचा मध्य असेल तर मोकळ्या तारेतील सहावा संनादी त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. वादकाने बाराव्या पडद्यावर बोट ठेवले की तारेची लांबी निम्मी होते. मग तेच ठिकाण एक-तृतीयांशावर येते आणि आता तिसरा संनादी गळतो. पिकअप तोच, जागा तीच, तरीही त्याचे ऐकणे प्रत्येक स्वरागणिक बदलते. ब्रिजच्या जवळ मूलभूत कंपनाचा विस्तार लहान असतो, त्यामुळे तेथील पिकअपमध्ये संनादींचे प्रमाण वाढून आवाज धारदार होतो. मानेच्या बाजूला सरकावे तसा आवाज भरीव आणि गोल होतो.

निवडीचे निकष :

या विवेचनावरून पिकअप निवडताना पहिला प्रश्न जागेचा ठरतो. नावाचा प्रश्न नंतरचा. दुसरा प्रश्न वेटोळ्यांचा आहे. वेढे वाढविले की विद्युतदाब वाढतो, पण त्याबरोबर वेटोळ्याचे प्रवर्तकत्व वाढून वरच्या कंप्रता कमी होतात. 'जोरदार' पिकअप म्हणून जे विकले जाते, त्यात अनेकदा मोठेपणासाठी उजळपणाची किंमत मोजलेली असते.

तिसरा प्रश्न गुणगुणीचा. एकेरी वेटोळे हे विजेच्या जोडण्यांतून येणारे गुंजनही उचलते. भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्झ आहे. बासच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंप्रता सुमारे ४१.२ हर्ट्झ आणि तिच्या वरच्या तारेची ५५ हर्ट्झ असते. म्हणजे ही गुणगुण बासच्या खास प्रदेशातच येऊन बसते. जुन्या वायरिंगच्या आणि प्रकाशयोजनेचे डिमर असलेल्या सभागृहात हा प्रश्न काल्पनिक राहत नाही. विरुद्ध दिशेने गुंडाळलेली आणि विरुद्ध ध्रुवांची दोन वेटोळी जोडून ही गुणगुण घालविता येते. फेंडर कंपनीची प्रिसिजन बास १९५१ मध्ये एकेरी वेटोळ्यासह आली. १९५७ मध्ये तिला दोन भागांत विभागलेला पिकअप मिळाला, ज्यातील प्रत्येक भाग दोन तारा सांभाळतो आणि दोघे मिळून गुणगुण रद्द करतात. १९६० च्या जॅझ बासमध्ये दोन स्वतंत्र एकेरी पिकअप आले. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर गुणगुण जाते, एकच वापरला तर परत येते. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये एक रुंद दुहेरी पिकअप आणि बॅटरीवर चालणारा प्रीअँप आला, ज्यायोगे वादकाला वाद्यावरच खालच्या-वरच्या कंप्रता वाढविणे शक्य झाले.

याखेरीज पिकअपची उंची हा बिनखर्चाचा, म्हणूनच दुर्लक्षित, घटक आहे. पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला खेचतो, स्वर लवकर विझतो आणि सुरेलपणाही बिघडतो. एका स्क्रूड्रायव्हरने जे साधते, त्यासाठी अनेकदा नवा पिकअप घेतला जातो.

जेम्स जेमरसन : निवडीवाचून टोन

वरील निकष प्रत्यक्ष संगीतात कसे उतरतात, हे पाहण्यासाठी दोन वादकांचे उदाहरण घेऊ. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी १९६० च्या दशकात वाजविणारा जेम्स जेमरसन मूळचा उभ्या बासचा वादक. त्याची ख्यातनाम वाद्य म्हणजे १९६२ ची प्रिसिजन बास. तिच्यावर एकच पिकअप होता, म्हणजे निवडीचा प्रश्नच नव्हता. जाड, सपाट गुंडाळीच्या तारा, तारांची भरपूर उंची, ब्रिजच्या आवरणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी, ही त्याची सामग्री. फोममुळे स्वर लवकर विझे, सपाट तारांमुळे वरचे संनादी मंद राहत. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकविलेला सुताचा धागा जवारी खुलवितो. फोमचे कार्य त्याच्या उलट, स्वर मिटविण्याचे. परंतु दोन्ही ठिकाणी कवडीमोलाची वस्तू नादाची जाती ठरविते.

मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) या अल्बममधील शीर्षकगीत ऐकावे. गायन, तंतुवाद्ये, गिटार, तालवाद्ये यांची दाटी असताना बासची ओळ सतत फिरती आहे. एवढी चंचल ओळ लांब रेंगाळणाऱ्या, उजळ आवाजात वाजली असती तर गाण्याशी तिची स्पर्धा झाली असती. येथे प्रत्येक स्वर गोल आणि अल्पायुषी असल्याने दोन स्वरांमध्ये जागा उरते आणि त्या जागेत गायकाचा श्वास ऐकू येतो. मोटाउनच्या तबकड्यांवर एरवी वादकांची नावे छापली जात नसत. याच अल्बमवर ती आली. हा तपशील टोनच्या चर्चेत आनुषंगिक मानला जातो, तो तसा नाही. वाजविणारा हात निनावी ठेवला की श्रेय कोणाला तरी द्यावे लागते आणि ते वस्तूला दिले जाते. १९८३ मध्ये जेमरसनच्या मृत्यूपूर्वी काही दिवस ती बास चोरीस गेली. त्याच्या टोनची चर्चा मात्र आजही 'कोणत्या तारा, कोणता पिकअप' याच प्रश्नाभोवती घोटाळते.

जेको पास्टोरियस : जागेची निवड

दुसरे उदाहरण याच्या विरुद्ध टोकाचे आहे आणि ते घेतल्याशिवाय विवेचन एकांगी होईल. जेको पास्टोरियस याची पडदे काढलेली जॅझ बासही १९६२ चीच. तिच्या पट्टीवर इपॉक्सीचा कठीण थर होता आणि तारा गोल गुंडाळीच्या, उजळ. तो मुख्यतः ब्रिजकडील पिकअप वापरी आणि बोटेही ब्रिजजवळ ठेवी. येथे पिकअपची निवड निर्णायक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधील 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ही एकल रचना नैसर्गिक संनादींवर उभी आहे. फोम लावलेल्या, सपाट तारांच्या बासवर ती रचना संभवतच नाही. त्याच अल्बममधील 'डोना ली'मध्ये बास मुख्य धून वाजविते आणि साथीला केवळ काँगा आहेत. मधल्या कंप्रतांचा सारा प्रदेश मोकळा असल्याने ती धारदार, किंचित सानुनासिक जाती तेथे शोभते. जेमरसनच्या खोलीतील दाटीत तोच टोन उपरा वाटला असता.

म्हणजे दोघांचीही वाद्ये एकाच कंपनीची, एकाच सालची. भेद जागेचा, तारांचा, हाताचा आणि सभोवतालच्या संगीताचा आहे. जेकोचीही बास १९८६ मध्ये चोरीस गेली. ती सुमारे दोन दशकांनी सापडली. वाद्य परत आले, पण त्याबरोबर तो टोन परत आला असे कोणी म्हणू शकत नाही.

'योग्य' या शब्दाची चिकित्सा :

बासच्या टोनविषयीची परिभाषा 'उबदार', 'गोड', 'जाड', 'दाणेदार', 'चिखल' अशा विशेषणांनी भरलेली आहे. आस्वादक समीक्षेत अशा शब्दांना स्थान आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा ही विशेषणे वस्तूच्या गुणधर्मांसारखी वापरली जातात. 'उबदार पिकअप' म्हणताना मूलभूत कंपन अधिक आहे, वरचे संनादी कमी आहेत, की स्वर लवकर विझतो, हे सांगितले जात नाही. विशेषण निकषाची जागा घेते आणि खरेदीचे कारण बनते.

अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. कमरेचा दागिना गळ्यात आणि गळ्यातला कमरेला घातला, तर दोन्ही दागिने सुंदर असूनही हसे होते, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. काव्याच्या संदर्भात सांगितलेला हा विचार टोनलाही लागू पडतो. एकट्याने, बंद खोलीत ऐकलेला टोन सुंदर असू शकतो, 'योग्य' असू शकत नाही. योग्यता ही इतरांच्या सान्निध्यातच सिद्ध होते. आमच्या महोत्सवातील बासला नव्या पिकअपपेक्षा कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताच्या विश्रांतीची अधिक गरज होती, याचा अर्थ हाच.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो : मग पिकअप गौण आहे काय? तसे म्हणणे ही दुसरी अतिशयोक्ती होईल. तारेत जे संनादी नाहीत ते कोणताही पिकअप निर्माण करू शकत नाही. परंतु असलेल्यांपैकी कोणते पुढे येणार, हे त्याची जागा आणि रचना ठरविते. पिकअप निवड करतो, निर्मिती करीत नाही. त्याचे महत्त्व एवढेच आहे आणि एवढे आहे.

निष्कर्ष :

१) टोन हा पिकअपचा गुणधर्म नसून तार, हात, पिकअपची जागा, परिपथ आणि सहवाद्ये यांच्या संबंधातून सिद्ध होणारा गुण आहे.

२) निवडीचा क्रम तारा, हाताची जागा, पिकअपची उंची, पिकअपचे स्थान आणि अखेरीस पिकअपचे नाव असा असावा. खर्चाचा क्रम प्रत्यक्षात बहुधा याच्या उलट असतो.

३) गुणगुण रद्द करणारी रचना ही आपल्या सभागृहांच्या स्थितीत चैन नसून गरज आहे.

४) महाविद्यालयीन स्तरावर वाद्यसामग्रीची खरेदी करताना त्या वाद्याचा निर्णय संपूर्ण समूह एकत्र वाजत असताना, प्रत्यक्ष सभागृहात ऐकून घेतला जावा.

विद्यार्थी जेव्हा 'सर, कोणता पिकअप घेऊ?' असे विचारतो, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी 'तुझ्याबरोबर कोण कोण वाजविते?' हा प्रतिप्रश्न विचारणे, ही अध्यापकाची जबाबदारी आहे. हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर त्या वर्षीच्या निधीतून सर्व तंतुवाद्यांना नव्या तारा मिळाल्या असत्या.