बरं होण्याचे मधले महिने

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. पुष्कळांचं पोट पॉवरलूमवर. पाळी लांब, तीही बहुतेक उभ्यानं. कंबर नाहीतर गुडघा धरलाच, तर न्यू सिव्हिल या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात शेक घ्यायचा, वजन लावून घ्यायचं, व्यायाम शिकायचा आणि उरलेला दिवस घरी पडून काढायचा. त्या उरलेल्या दिवसात वाचायला मराठीत काय आहे?

व्यायामाच्या चित्रांची पुस्तकं ढीगभर. ती वाचायची नसतातच, पाहून हातपाय हलवायचे असतात. दुसऱ्या टोकाला जिद्दीच्या कहाण्या: आधी अपघात, मग निर्धार, शेवटी सत्कार. गुडघा आठवड्याला जेमतेम जरासा जास्त वाकतो, ते मधले महिने एका परिच्छेदात उरकलेले. वाचक मात्र त्याच परिच्छेदात अडकलेला असतो.

डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ प्रामाणिक आहे आणि रसाळही. पण शीर्षकातच साक्षात्कार आहे. झिजलेल्या गुडघ्याला तो होत नाही. बाबा आमटे यांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ अभियानासाठी तरुण सायकलींवर निघाले, तेव्हा बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते. त्या प्रवासाच्या तेजावर आपण भरभरून लिहिलं, दुखण्यावर फारच थोडं.

नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ मला म्हणूनच वेगळं वाटतं. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. कर्तृत्वाची यादी मोठी, पण पुस्तकाचा जीव शरीराच्या रोजच्या कुचंबणेत आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण भेटतात आणि नसीमांना जगण्याची वाट दिसू लागते, तो भाग कुठल्याही भाषणापेक्षा धीर देतो. संस्थेचा पसारा वाढतो तसा मजकूर थोडा अहवालासारखा होतो. तिथली पानं भराभर उलटली तरी चालतील.

इंग्रजी वाचता येणाऱ्यानं ऑलिव्हर सॅक्स यांचं ‘अ लेग टु स्टँड ऑन’ (१९८४) घ्यावं. नॉर्वेच्या डोंगरात बैलापासून पळताना या मेंदूतज्ज्ञाच्या मांडीचा स्नायूबंध तुटला. शस्त्रक्रिया नीट झाली, तरी पाय आपला वाटेना. मनात मेंडेल्सोनचं व्हायोलिन वाजू लागलं तेव्हा कुठे चाल परतली. मध्येच तत्त्वज्ञान फार होतं खरं. पण फिजिओथेरपीचा कंटाळा, भीती आणि अचानक येणारी लय इतक्या बारकाईनं क्वचितच कुणी लिहिली असेल.

गुजराती कवी नर्मदनं १८६६ मध्ये ‘मारी हकीकत’ ही आत्मकथा लिहिली ती सुरतेचीच. त्याच शहरातल्या मराठी लूम कामगाराच्या दुखऱ्या कंबरेची हकीकत माझ्या वाचनात अजून आलेली नाही. कुणी लिहिलीच, तर तिच्यात अहिराणी, गुजराती, हिंदी सगळं मिसळेल. संपादकानं ते धुऊन काढू नये.