शील, सद्गुण आणि ॲरिस्टॉटल

डेमियन किओन यांचा ‘द नेचर ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ हा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. बौद्ध नीतीच्या अभ्यासकाला तो टाळून पुढे जाता येत नाही. तथापि आपल्या उपासकवर्गात त्याची चर्चा व्हावी तशी झालेली नाही.

त्यापूर्वी विन्स्टन किंग, मेलफर्ड स्पायरो प्रभृती विद्वानांचा कल असा होता की, शील हे पुण्यसंचयासाठी व चांगल्या पुनर्जन्मासाठी. निर्वाणाचा साधक त्याच्या पलीकडे जातो. अलगद्दूपम सुत्तातील तराफ्याचा दृष्टान्त या मताच्या पुष्ट्यर्थ नेहमी पुढे केला जातो. नदी पार केल्यावर तराफा डोक्यावर घेऊन कोण चालेल? किओन यांनी हे मत साधार खोडून काढले. शील आणि प्रज्ञा ही साध्याचीच अंगे आहेत, साध्य हाती येताच टाकून द्यावयाची साधने नव्हेत, हा त्यांचा सिद्धान्त. तो मांडताना ते ॲरिस्टॉटलच्या सद्गुणविचाराशी तुलना करतात. न्याय्य कृती करीत गेल्याने माणूस न्यायी होतो, सवयीतून स्वभाव घडतो, हे त्या विचाराचे सूत्र. (चार्ल्स गुडमन यांनी २००९ साली बौद्ध नीती परिणामवादी असल्याचा प्रतिवाद केला. तो वाद येथे बाजूस ठेवू.)

शील व प्रज्ञेच्या या संबंधाला दीघ निकायातील सोणदण्ड सुत्ताचा भक्कम आधार आहे. हाताने हात धुवावा तशी ही दोन्ही परस्परांना शुद्ध करतात. हा दृष्टान्त पुष्कळदा उद्धृत होतो, पण त्याआधी काय घडले ते सांगावयाचे राहून जाते. चम्पेचा ब्राह्मण सोणदण्ड ब्राह्मणत्वाची पाच लक्षणे सांगतो : जन्म, मंत्र, वर्ण म्हणजे रूप, शील व प्रज्ञा. भगवंत एकेक लक्षण वगळता येईल का असे विचारीत जातात. रूप गळते, मंत्र गळतात, शेवटी जन्मही गळतो. सोबतचे ब्राह्मण खळबळून उठतात. उरतात ती शील आणि प्रज्ञा. म्हणजे जन्म वजा केल्यावरच हातांचा दृष्टान्त येतो.

येथेच तुलना अडते. ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये काही माणसे निसर्गतःच दास मानली आहेत, दासाच्या ठायी विचारपूर्वक निर्णय करण्याची शक्तीच नाही, असे तेथे म्हटले आहे. आदर्श राज्यात कारागिरांनाही नागरिकत्व नाही, कारण सद्गुणाला फुरसत लागते. हा सद्गुण मालकाच्या घरात वाढतो. आपले साम्य आशयाचे नसून आकाराचे आहे, असे किओन यांच्या बाजूने म्हणता येईल. परंतु चारित्र्य कोणाचे घडू शकते, हा प्रश्न आकारातलाच आहे. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात भगवंत तरुण ब्राह्मणाला सांगतात की, योन व कम्बोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि आर्याचा दास, दासाचा आर्य होऊ शकतो. योन म्हणजे ग्रीक. ॲरिस्टॉटलने निसर्गाच्या माथी मारलेली व्यवस्था पाली परंपरा केवळ रूढी म्हणून पाहते.

दुसरा भेद सवयीविषयी. राहुलाला दिलेल्या उपदेशात कृतीपूर्वी, कृती चालू असता आणि कृतीनंतर पाहावयास सांगितले आहे : आपल्याला, दुसऱ्याला की दोघांनाही यातून पीडा होते? सवयीला येथे सतत आरसा दाखविला आहे. समणमण्डिका सुत्त तर आणखी पुढे जाते. भिक्षू शीलवान असतो, पण ‘सीलमय’ नसतो; शीलालाच आपली ओळख करून तो त्याचा गर्व वाहत नाही. तराफा सोडणे म्हणजे हेच सोडणे, असा अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो. शील सुटत नाही, त्यावरील मालकी सुटते. किओन यांच्या सिद्धान्ताला ॲरिस्टॉटलपेक्षा या सुत्ताचा टेकू अधिक बळकट आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम सांगेल तसे वागायला लावतो. तत्त्व विचार करायला लावते, म्हणून कर्त्यावर जबाबदारी टाकते. पंचशील ग्रहण करताना आपण ‘सिक्खापद’ म्हणतो. त्याचा अर्थ शिक्षणाचे पद, आज्ञा नव्हे. मंगल प्रसंगी पाचही पदे एका सुरात म्हणून झाली की शीलाचे काम संपले, असे मानण्याची प्रथा आपल्यात रुजत आहे. तिला सुत्तपिटकात ‘सीलब्बतपरामास’ हे नाव आहे आणि स्रोतापन्नाला तोडाव्या लागणाऱ्या तीन बंधनांत तिची गणना होते.