चावी कधीच ‘नाही’ म्हणत नाही

ब्रायोफाइटांवर काम करायचं ठरवलंत की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुमच्या हातात एक यादी ठेवेल. अमुक प्रदेशात मॉस इतके, लिव्हरवर्ट इतके, हॉर्नवर्ट इतके. लॅटिन नावं आणि खाली एकूण आकडा. यादी दिसते भक्कम. मीही पहिल्या वर्षी अशा याद्या वाचून भारावून गेले होते. आता चौथ्या वर्षी त्या वेगळ्या नजरेनं वाचते, आणि तुम्ही ती नजर लवकर कमवावी म्हणून हे लिहितेय. माझी तक्रार नावांबद्दल नाही. नाव चुकलं तर पुढचा संशोधक ते सुधारू शकतो. पण नमुना जपला नसेल, नोंद अर्धवट असेल, तर सुधारायला हातात काही राहतच नाही.

उदाहरण माझंच घ्या. पौडहून आत वळलं की कोळवणचं खोरं लागतं. जुलैत तिथल्या भातखाचराच्या बांधावर मला रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या दिसल्या, कडेनं दोन-दोन फाट्यांत विभागत गेलेल्या. रिक्सिया. शाळेच्या पुस्तकातलं नाव पायाशी सापडल्याचा आनंद तुम्हालाही होईल. त्यातला थोडा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी खोलीवर आणला, ब्लेडनं आडवे छेद घेतले आणि कश्यपांचं पुस्तक उघडलं.

शिवराम कश्यप यांचं पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टांवरचं हे पुस्तक लाहोरच्या पंजाब विद्यापीठानं काढलं. पहिला भाग १९२९चा, दुसरा १९३२चा, आर. एस. चोप्रा यांच्यासोबत लिहिलेला. भारतीय ब्रायोफाइट-अभ्यासाचा पाया म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. कश्यप स्वतः डोंगर पायी तुडवून वनस्पती जिवंत बघत. पण पुस्तकानं आपली हद्द शीर्षकातच सांगितलीय: पश्चिम हिमालय आणि पंजाब. सह्याद्रीचं नाव त्यात नाही. ती हद्द मी ओलांडली, पुस्तकानं नाही.

ओळख पटवायची चावी कशी चालते ते आठवा. दोन विधानं समोर येतात, एक निवडायचं, पुढच्या जोडीकडे जायचं. तुमची वनस्पती त्या चावीत मुळात नसली तरी चावी थांबत नाही. प्रत्येक वळणावर ती कुठलंतरी एक विधान घ्यायला लावते आणि शेवटी एक नाव हातात ठेवते. ‘ही आमच्यातली नाही’ असं सांगायची सोयच तिच्यात नसते. मला नाव मिळालं रिक्सिया पठाणकोटेन्सिस. बीजाणूंच्या नक्षीचा प्रश्न आला तेव्हा माझ्या छेदांत पिकलेले बीजाणू नव्हते, म्हणून मी ‘जवळपास असंच असणार’ म्हणत पुढे गेले. ते नाव चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. ते बरोबर की चूक हे आता कुणालाच ठरवता येणार नाही, ही खरी अडचण आहे.

मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “बीजाणू कुठंयत?” रिक्सियाच्या जाती बऱ्याच अंशी बीजाणूंवरून ठरतात, आणि ते पिकतात पावसाळा सरत आल्यावर. सप्टेंबरअखेर मी परत गेले, तर बांधच नव्हता. जेसीबीनं जागा सपाट करून वर मुरूम पसरला होता, कुणाचातरी प्लॉट पडत होता. पिशवीतला नमुना तोवर कुजून काळा चिखल झालेला. वहीत उरली ती एक ओळ: नाव, आणि पुढे ‘कोळवण’. मी ती खोडली. खोडली नसती तर उद्या एखाद्या यादीत गेली असती आणि तिथून दुसऱ्या यादीत.

आता छापील कामांकडे वळू. जी. टी. दाभाडे यांचं मॉसवरचं पुस्तक (१९९८) खंडाळा आणि महाबळेश्वरचं आहे. चौधरी, शर्मा आणि भगोरा यांचं पुस्तक (२००८) उत्तर कोकणचं. दोन्ही कामं कष्टाची, आपल्याकडे काम सुरू करणाऱ्याला ती लागतातच. पण नकाशा समोर ठेवून शीर्षकं वाचा. खंडाळा एका अंगाला, महाबळेश्वर दुसऱ्या, कोकण घाटाखाली, आणि मधे मुळशीची खोरी. ‘दुर्गम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अरुणाचल येतं. पण पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं असं कोळवणही अभ्यासाच्या दृष्टीनं दुर्गम असू शकतं. जिथं रेल्वे गेली, हवा खायचे बंगले झाले, तिथं वनस्पती गोळा करणारेही आधी पोचले.

दुसरी खोट ठिकाणाची. बऱ्याच याद्यांत ठिकाण म्हणून नुसता तालुका असतो. ‘मुळशी’ म्हणजे नेमकं काय? २५ जुलै २०२४च्या नोंदीत ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस होता. पुणे शहरात वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. ताम्हिणी मुळशीतच, आणि पुण्याच्या वेशीला लागलेली गावंही मुळशीतच. ज्या वनस्पतीचं जगणं पृष्ठभागावरच्या ओलाव्यावर चालतं, तिच्यासाठी ‘मुळशी’ हा पत्ताच नव्हे.

म्हणून कुठलीही यादी हातात आली की तीन गोष्टी विचारा. नमुना कुठल्या हर्बेरियममध्ये, कुठल्या क्रमांकानं ठेवलाय? तो कशावर वाढत होता: माती, कातळ, साल की सिमेंट? आणि नाव कुठल्या लक्षणावरून ठरवलं? तिन्हींची उत्तरं नसतील तर ती यादी टाकून देऊ नका. पण तिला बातमी समजा, पुरावा नव्हे. फोटोंनाही हेच लागू. फोटोवरून रिक्सियाच्या वंशापर्यंत पोचता येतं, जातीपर्यंत क्वचितच.

तुमच्या स्वतःच्या कामासाठी माझ्या चुकांतून आलेलं थोडं सांगते. प्लॅस्टिक नको, वर्तमानपत्राच्या घडीची पाकिटं करा आणि सावलीत वाळवा. दाबायची गरज नाही. वाळलेला मॉस वर्षांनंतरही पाण्यात टाकला की पानं उघडतो. मात्र पानांच्या लिव्हरवर्टांच्या पेशींतले तेलाचे थेंब वाळल्यावर विरून जातात. ते ओळखीला लागतात, म्हणून मायक्रोस्कोपखाली एक-दोन दिवसांत बघून त्यांचं चित्र काढून ठेवा. गावात चौकशी करताना ‘शेवाळ कुठंय’ असं विचारू नका, लोक विहीर दाखवतील. त्यांची चूक नाही. आपल्या बोलण्यात पाण्यातलं आणि खोडावरचं, दोन्ही शेवाळच. त्यापेक्षा ‘पावसात कुठली भिंत, कुठलं झाड हिरवं होतं’ असं विचारा.

आणि पाकिटावर असं लिहा: ‘कोळवण–हडशी रस्ता, डाव्या हाताचा जुना आंबा, खोडाची उत्तर बाजू, जमिनीपासून दीड मीटर’. पुढे अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, तुमचं नाव, क्रमांक. नाव माहीत नसेल तर नुसतं ‘मॉस’ लिहा, लाज वाटून घेऊ नका. पुण्यात बॉटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. नमुने जपायची रीत शिकायला लांब जावं लागत नाही.

तो बांध गेला, पण त्याच्या वरच्या अंगाला दोन खाचरं अजून आहेत. या वर्षी मी जुलैत नुसती जागा टिपून येणार आहे, नमुना घेणार सप्टेंबरात. तोवर वहीतली ती ओळ खोडलेलीच राहील.